खाऱ्या पाण्यातलं बी

१८५५ साली डार्विन केंटमधल्या आपल्या घरी बाटल्यांत खारं पाणी भरून बिया भिजवत बसला होता. प्रश्न असा, की दूरच्या बेटांवर झाडं पोचली कशी? एडवर्ड फोर्ब्ससारखे लोक म्हणत, मध्ये जमीन होती, ती बुडाली. बाकीचे म्हणत, देवाने तीच जात दोन ठिकाणी घडवली. हे दुसरं खरं ठरलं असतं तर उत्क्रांतीचं दुकानच बंद! म्हणून साहेबांनी सरळ टेस्टिंग सुरू केलं.

८७ जातींपैकी ६४ जातींच्या बिया २८ दिवस भिजूनही रुजल्या. पण गोची अशी की बिया बुडत होत्या! मग पठ्ठ्याने ९४ वनस्पतींच्या फांद्या पिकल्या फळांसकट वाळवून पाण्यावर सोडल्या. १८ वनस्पती २८ दिवसांहून जास्त तरंगल्या. माझ्या मते खरी गंमत इथेच आहे, आधीच्या निकालावर तो थांबला नाही.

पक्षीही होतेच. पुढे न्यूटनने (सफरचंदवाला नव्हे, पक्षितज्ज्ञ आल्फ्रेड) त्याला एका जखमी तितराचा पाय पाठवला. त्याला चिकटलेला मातीचा गोळा तीन वर्षं नुसता पडून होता. डार्विनने तो फोडला, पाणी घातलं, काचेखाली ठेवला. ८२ रोपं उगवली.