माठातलं नागपूर

कमी पैशांत घरात चांगला आवाज कसा आणायचा, असं कुणी विचारलं की मी आधी 1956 सालात जातो.

त्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरपर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होती, राजधानी नागपूर. मग नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही नव्या मध्य प्रदेशात राहिलो. सदर म्हणजे छावणीचा बाजार. लष्कर, कारखाने, रेल्वे यांच्या नोकऱ्यांनी आलेली मराठी घरं इथेच राहिली. पण 1948 साली सुरू झालेलं आकाशवाणीचं नागपूर केंद्र हद्द मानत नव्हतं. दिवसा नुसती खरखर. रात्री मात्र मीडियम वेव्हच्या लहरी आकाशातल्या वरच्या थरावर आपटून लांबवर उतरतात. माझी आई विदर्भातली. जेवणं आटोपली की ती काटा हळूहळू फिरवत बसायची.

रेडिओला तेव्हा पोस्टातून परवाना काढावा लागे, दरवर्षी पैसे भरून! मोठा रेडिओग्राम साहेबांच्या बंगल्यात. आमच्याकडे एक ट्रान्झिस्टर, तोही तळहाताएवढ्या स्पीकरचा. आईचे कान मंद होऊ लागले तसे त्यातले शब्द तिला निसटू लागले.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि गल्लोगल्ली जुळणी करणारे कारागीर तयार झाले. तयार डेक परवडत नसे. एलए 4440 नावाची एक आयसी मिळायची, 12 व्होल्टवर चालणारी, दोन्ही बाजूंना साधारण 6-6 वॅट देणारी. आजही घरात तेवढे वॅट पुरतात; शेकड्यांचे आकडे खोक्यावर छापायला असतात. ट्रान्सफॉर्मर, आयसी आणि मोटारीतला जुना सहा इंची स्पीकर, सगळं मिळून माझे 140 रुपये गेले. पैसे संपले, खोकं राहिलं.

आणि खोक्याशिवाय स्पीकर मुका. त्याचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ओढतो; दोन्हीकडचा आवाज एकमेकांना खातो आणि खर्ज नाहीसा होतो. म्हणून मागची बाजू कोंडायची. लोक माठाच्या तोंडावर स्पीकर बसवत, तसा मीही बसवला. आजी आठवडाभर बोलली नाही. माठ तिचा होता.

खर्ज आला, तबला घुमला, भाऊ खूश. ट्रान्झिस्टरच्या इअरफोनच्या भोकातून वायर काढून नागपूर लावलं, तर निवेदकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. आई म्हणाली, "छान आहे रे," आणि उठून गेली. शब्द तिला कळलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी कारागिराने सांगितलं, माठात कापूस भर, आतला घुमारा मरेल. घरात कापूस एकाच ठिकाणी होता. आईनेच तिच्या उशीची शिवण उसवली. स्पीकर तिच्या खाटेजवळ, कानाच्या उंचीवर ठेवला, आवाज उलट कमी केला. रात्री निवेदकाने उद्याच्या कार्यक्रमांची यादी वाचली, आणि आई ती त्याच्या मागोमाग पुटपुटत होती.