विहिरीतला डास: मुंबईच्या हिवतापाची शंभर वर्षे

१/
चर्चगेटजवळ, क्रॉस मैदानाच्या कडेला भिखा बेहराम यांची विहीर आहे. १७२५ सालची. पारशी भाविक आजही तेथे प्रार्थनेला येतात. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई बेटावर अशा विहिरी मोठ्या संख्येने होत्या: वाड्यांच्या चौकात, देवळांच्या आवारात, अग्यारींच्या मागे, चाळींच्या तळाशी. त्यांतील बहुतेक आता दिसत नाहीत. काही बुजवल्या गेल्या, काहींवर लाद्या पडल्या. कारण दुष्काळ नव्हता, रस्तारुंदीही नव्हती. कारण होते हिवताप. आजचा धागा त्याविषयी.

२/
प्रथम रोगाकडे पाहू. हिवतापाच्या तीन अवस्था जुन्या पिढीला तोंडपाठ असत. आधी हुडहुडी, चार गोधड्या घेतल्या तरी न थांबणारी. मग अंग भाजून काढणारा ताप, डोकेदुखी, ओकारी. शेवटी घामाने अंथरूण भिजते, ताप उतरतो आणि रोगी उठून बसतो. दुसऱ्या दिवशी तो कामावरही जातो. पण एक दिवस सोडून त्याच सुमारास पुन्हा हीव भरते. म्हणून मराठीत याला ‘एकांतरा’ म्हणत.

३/
चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत विषमज्वराचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांत ‘तृतीयक’ आणि ‘चतुर्थक’ आहेत. त्यातला प्रत्येक ज्वर म्हणजे आजचा मलेरियाच, असे समीकरण मांडणे घाईचे होईल. परंतु ठरावीक अंतराने परतणारा ताप हा वेगळा ओळखावा, हे निरीक्षण अचूक होते. या घड्याळाचे रहस्य असे: प्लास्मोडियम नावाचा परजीवी तांबड्या रक्तपेशीत शिरतो, वाढतो आणि पेशी फोडून एकदम बाहेर पडतो. व्हायवॅक्स जातीत हे चक्र सुमारे ४८ तासांचे, मलेरिई जातीत ७२ तासांचे. पेशी फुटतात तेव्हा हीव भरते. फॅल्सिपेरम या सर्वांत घातक जातीत मात्र ताप असा शिस्तीत येईलच असे नाही, आणि धोका तेथेच असतो: ‘दिवसाआड नाही, म्हणजे हिवताप नाही’ असा समज जीवावर बेततो.

४/
वारंवार हिवताप आलेल्या मुलांची पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढते. डाव्या बरगडीखाली बोटांनी चाचपली की लागते. हे घराघरांतल्या आजीला ठाऊक होते. पुढे सरकारी डॉक्टरांनी याचीच मोजपट्टी केली. गावातल्या शंभर मुलांची पोटे चाचपायची, किती जणांची पानथरी लागते ते लिहायचे आणि त्यावरून त्या गावातील हिवतापाचे प्रमाण ठरवायचे. सूक्ष्मदर्शक नसला तरी चालणारी ही गणना कित्येक दशके वापरात होती.

५/
कारणाविषयीची समजूत मात्र दीर्घकाळ हवेत अडकलेली होती, अक्षरशः. ‘मलेरिया’ हा शब्दच इटालियनमधील ‘वाईट हवा’ या अर्थाच्या शब्दांपासून आला. दलदलीतून विषारी वाफ उठते आणि ताप आणते, असे युरोपीय डॉक्टर मानत. मुंबई बेटाभोवतीच्या खाजणांना ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर घाबरत ते यासाठीच. दोन पावसाळे म्हणजे येथील गोऱ्या माणसाचे आयुष्य, अशी म्हण त्यांच्यात रूढ होती. भर घालून खाजणे आटवण्यामागे जमिनीची हाव होती हे खरे, पण ‘हवा सुधारेल’ ही आशाही होती.

६/
१८८० साली अल्जीरियातील कॉन्स्टंटाइन येथे अल्फोन्स लाव्हरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरला रुग्णाच्या रक्तात हालणारा परजीवी दिसला. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत त्याच परजीवीच्या गाठी सापडल्या. (रॉस यांचा जन्म अल्मोड्याचा. त्यांच्या शोधाची गोष्ट सांगताना मोबदला घेऊन डास चावून घेणारे रुग्ण आणि मदतनीस महंमद बक्ष हे सहसा गाळले जातात.) पुढच्या वर्षी कलकत्त्यात त्यांनी पक्ष्यांच्या मलेरियाचे संपूर्ण चक्र उलगडले, इटलीत ग्रासी आणि सहकाऱ्यांनी मानवी मलेरियाचे. अपराधी ठरला तो अॅनोफिलिस गणातील डास, आणि त्यातही मादी, कारण अंड्यांसाठी रक्त तिलाच लागते.

७/
या शोधाने प्रश्नच बदलला. कोणत्या दलदलीला घाण येते, हे विचारणे निरर्थक झाले. कोणत्या जातीचा डास कोणत्या पाण्यात अंडी घालतो, हे विचारणे भाग पडले. आणि येथे आपली गोष्ट अनपेक्षितपणे वऱ्हाडात जाते.

८/
एलिचपूर, म्हणजे आजचे अमरावती जिल्ह्यातील अचलपूर. तेथे विल्यम ग्लेन लिस्टन हा लष्करी वैद्यकीय अधिकारी डासांच्या सवयी टिपत बसला होता. १९०१ साली त्याने एका नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि मलेरिया-संशोधक स्टीफन्स यांच्यावरून तिचे नाव ठेवले: अॅनोफिलिस स्टिफेन्साय. हाच लिस्टन पुढे परळच्या प्रयोगशाळेत आला आणि प्लेग व उंदरावरची पिसू यांच्या संबंधावर त्याने महत्त्वाचे काम केले. प्लेगच्या इतिहासात त्याचे नाव येते. अचलपूरचा डास मात्र तळटीपेत राहतो. हा क्रम उलटा असायला हवा, असे माझे मत आहे. का, ते धाग्याच्या शेवटी येईल.

९/
स्टिफेन्सायचे वैशिष्ट्य असे, की त्याला दलदल नको असते. त्याला हवे स्वच्छ, संथ, सावलीतले पाणी: विहीर, हौद, टाके, कारंजे. ग्रामीण भारतात हिवताप पसरवणारा मुख्य डास क्युलिसिफेसीज. तो कालवे, ओढ्यांतली डबकी, शेतातले पाणी यांत वाढतो. स्टिफेन्साय माणसाने बांधलेल्या पाण्यात वाढतो. अर्थात तो शहराचा डास आहे.

१०/
आता मुंबईच्या पाण्याकडे. विहार तलावाचे पाणी १८६० साली नळाने शहरात आले. नंतर तुळशी, आणि १८९२ मध्ये तानसा. नळ आला तसा विहिरीवरचा राबता कमी झाला. पूर्वी दिवसभर कळशा पडत, पाणी ढवळले जाई, उपसले जाई. आता पाणी निवांत झाले. पूजेपुरते, स्नानापुरते किंवा नळ गेला तर असावे म्हणून राखलेले. डासाच्या दृष्टीने याहून उत्तम व्यवस्था नाही.

११/
शहरातील हिवतापाची चौकशी चार्ल्स बेंटली यांच्याकडे सोपवण्यात आली. उत्तर बंगालच्या डुआर्समधील चहामळ्यांतील मलेरियावर त्यांनी काम केलेले होते. १९११ साली त्यांचा मुंबईविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. निष्कर्ष स्पष्ट होता: मुंबईतील हिवतापाचे मूळ खाजणांत नव्हे, घराच्या अंगणात आहे. स्टिफेन्साय हा वाहक आहे आणि विहिरी हे त्याचे मुख्य आगर आहे. उपायही सरळ: विहीर बुजवा, किंवा डास शिरणार नाही अशी घट्ट झाकून वर पंप बसवा.

१२/
यानंतर जे घडले ते मला या संपूर्ण इतिहासातील सर्वांत रोचक प्रकरण वाटते. विहिरी झाकण्याचे आदेश निघाले आणि आक्षेप येऊ लागले. पारशी धर्मविधींना विहिरीचे पाणी लागते; अग्यारीला विहीर हवीच. हिंदू घरांतही सोवळ्यात भरायचे पाणी विहिरीचेच, नळाचे चालत नसे. शिवाय अनेक विहिरींत संतपुरुषाचा, देवतेचा किंवा वास्तुपुरुषाचा वास आहे अशी श्रद्धा होती. झाकण ठोकून त्याला कोंडले तर घरावर संकट येईल, ही भीती खरी होती. पूर्ण बंद करण्याऐवजी झाकणात उघडझाप करणारे दार वा बारीक जाळी ठेवू द्या, अशा मागण्या पुढे आल्या.

१३/
हे आपल्याला इतक्या तपशिलात कळते ते रुस्तम मसानी यांच्यामुळे. ते महापालिकेचे सचिव होते. पुढे पहिले भारतीय आयुक्त झाले. विहिरींच्या वादातून त्यांचे कुतूहल चाळवले आणि १९१८ साली त्यांनी विहिरींच्या लोककथांवर एक संपूर्ण इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. ज्या कार्यालयातून विहिरी बंद करण्याचे आदेश जात, त्याच कार्यालयातील माणूस त्या विहिरींतील देवतांची नोंद करीत होता. शासकीय कागदपत्रांत असा माणूस क्वचित भेटतो.

१४/
या अर्जदारांना ‘अंधश्रद्धाळू’ म्हणून निकालात काढणे सोपे आहे, आणि पुष्कळ लेखन तसे करतेही. पण एक क्षण मालकाच्या जागी उभे राहून पाहावे. विहीर त्याच्या आजोबांनी स्वतःच्या पैशाने खोदलेली. ती बुजवायची तर तो खर्च अंगावर, आणि पुढे प्रत्येक घोटासाठी महापालिकेच्या नळावर अवलंबून राहायचे. शिवाय आपल्याकडे विहीर म्हणजे कधीच निव्वळ पाणी नसते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला. ज्या समाजात पाण्याभोवती एवढ्या भिंती होत्या, तेथे विहिरीचे झाकण हा केवळ आरोग्याचा प्रश्न कसा राहील?

१५/
तरीही बेंटली बरोबर होते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. विहिरीतल्या देवतेविषयी त्यांना काही म्हणायचे नव्हते; अळीविषयी म्हणायचे होते. (पुढे बंगालमध्ये याच बेंटलींनी रेल्वेच्या भरावांमुळे पाण्याचे नैसर्गिक मार्ग अडले आणि हिवताप वाढला, असे सरकारला न रुचणारे मत मांडले. केवळ नेटिवांच्या विहिरींवर बोट ठेवणारा हा अधिकारी नव्हता.)

१६/
उपचाराची बाजू तोवर एकाच कडू पुडीवर उभी होती. सिंकोनाच्या सालीतून क्विनीन १८२० मध्ये पॅरिसला वेगळे करण्यात आले. १८६० च्या दशकात निलगिरीत सिंकोनाची लागवड सुरू झाली आणि शतकाअखेर बंगालमध्ये टपाल कचेरीतून क्विनीनच्या स्वस्त पुड्या विकल्या जाऊ लागल्या. कान गुणगुणत, तोंड कडू होई, आणि ताप उतरताच लोक पुडी फेकून देत. काही आठवड्यांनी वा महिन्यांनी ताप परते. मग ‘औषध खोटे’ असा शिक्का बसे.

१७/
औषध खोटे नव्हते, अपुरे होते. व्हायवॅक्सचे काही परजीवी यकृतात निद्रिस्त राहतात. क्विनीन रक्तातले मारते, यकृतातले नाही. हे सुप्त रूप प्रत्यक्ष ओळखले गेले ते १९८० च्या सुमारास. म्हणूनच आज व्हायवॅक्सच्या रुग्णाला क्लोरोक्विनबरोबर प्रायमाक्विनचा, साधारणतः १४ दिवसांचा, क्रम दिला जातो. गरोदर स्त्रियांना आणि विशिष्ट विकराची कमतरता असणाऱ्यांना ते चालत नाही, म्हणून डॉक्टरांवाचून घेऊ नये. फॅल्सिपेरमसाठी आर्टेमिसिनिनवर आधारित संयुक्त औषधे आहेत. ज्या चिनी संशोधिकेने ते द्रव्य शोधले त्या तू यूयू यांना २०१५ चे नोबेल मिळाले. दोन्ही जातींचा उपचार वेगळा, म्हणून थंडीतापात रक्ततपासणी आधी. आणि तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून गोळ्या सोडणे, ही सवय क्विनीनच्या पुडीइतकीच जुनी आहे.

१८/
मुंबईत विहिरी मिटत गेल्या. हिवताप मिटला का? नाही. १९२८ साली मेजर गॉर्डन कॉव्हेल यांना शहराच्या मलेरियावर पुन्हा स्वतंत्र अहवाल लिहावा लागला. दरम्यान शहर वर चढत होते. नळाला पाणी ठरावीक वेळीच येणार, म्हणून इमारतीला टाकी हवी. टाकी गच्चीवर. तिचे झाकण तुटके, कडेला फट. स्वच्छ, संथ, सावलीतले पाणी. विहीर जमिनीतून उठून गच्चीवर जाऊन बसली, आणि डास तिच्यामागे गेला.

१९/
डीडीटीच्या युगाने काही काळ हे विसरायला लावले. १९४० च्या दशकात मुंबई प्रांताच्या कारवार-धारवाड भागात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी घराच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याचे मोठे प्रयोग यशस्वी केले. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. १९६५ पर्यंत रुग्ण एक लाखाच्या आसपास आले. मग शैथिल्य, औषधाला दाद न देणारे डास, पैशाची ओढ; १९७६ मध्ये आकडा ६४ लाखांवर गेला. भिंतीवरच्या फवाऱ्याने खेडी बऱ्याच अंशी सावरली होती. शहरात मात्र भर अळ्या मारण्यावर आणि गप्पी मासे सोडण्यावर होता, म्हणजे पुन्हा पाण्याच्या भांड्यावर.

२०/
अंड्यापासून डास होण्यास अनुकूल हवेत आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा, पिंप रिकामे करून घासा, हे जे सांगितले जाते त्याचा हिशेब हा आहे: चक्र पूर्ण होण्याआधी मोडायचे. आणि डासाने रुग्णाचे रक्त प्यायल्यावर परजीवी त्याच्या अंगात तयार व्हायलाही साधारण दहा दिवस किंवा अधिक जातात. म्हणजे रोग देतो तो म्हातारा डास. त्याला म्हातारे होऊ न देणे, हीच मच्छरदाणीपासून फवारणीपर्यंत सगळ्यांची युक्ती.

२१/
आता अचलपूरची तळटीप. २०१२ साली आफ्रिकेच्या शिंगावरील जिबूती या बंदरशहरात मलेरियाची साथ उद्भवली आणि तेथे स्टिफेन्साय सापडला. २०१६ मध्ये तो इथिओपियात नोंदला गेला, पुढे सुदान, सोमालिया, नायजेरिया. आफ्रिकेतील मलेरिया प्रामुख्याने खेड्यांचा मानला जाई; शहरे तुलनेने सुरक्षित होती. तेथे आता बांधकामावरचे हौद आणि पाण्याच्या टाक्या तपासल्या जात आहेत. १९११ साली मुंबईत जो प्रश्न विचारला गेला, तोच आज तेथे विचारला जात आहे: हे पाणी कोणाचे, झाकणाचा खर्च कोणाचा, आणि नळ रोज येत नसेल तर लोकांनी पाणी साठवायचे नाही का?

२२/
मुंबई महापालिकेचे कीटकनाशक विभागाचे कर्मचारी आजही गच्चीवरच्या टाक्यांची झाकणे उघडून अळ्या शोधतात. पुष्कळ इमारतींत टाकीपर्यंत धड शिडी नसते.

गिरगाव, भुलेश्वर, ताडदेव, दादरच्या जुन्या वाड्यांत किंवा चाळींत राहणाऱ्या कोणाच्या आवारात लोखंडी झाकणाची, हातपंपाची विहीर शिल्लक असेल, तर खाली जरूर लिहा. झाकणात दार असल्यास ते विशेष सांगा. त्याविषयी घरात काही कथा असेल तर तीही.