ऑर्कनीच्या शैवलभक्षक मेंढ्या

स्कॉटलंडच्या उत्तरेस, जेथे वाऱ्याच्या अविरत प्रहारामुळे वृक्षाला उभे राहणे दुष्कर, त्या ऑर्कनी द्वीपसमूहावर सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वी ज्या कृषकांनी वस्ती केली, त्यांनी गाईमेंढ्याच काय, पण तांबडी हरणेसुद्धा होड्यांत घालून खवळलेल्या सामुद्रधुनीपलीकडून आणली (ती रानटी जनावरे जिवंत कशी उतरविली असतील, कोण जाणे!). 1850 च्या वादळाने स्कारा ब्रे येथील त्या प्राचीन कृषकांची पाषाणगृहे उघडी पाडली, आणि तेथील उकिरड्यांत शिंपल्यांचे, माशांच्या काट्यांचे व हाडांचे दफ्तरच संशोधकांच्या हाती आले. परंतु मला सर्वांत विलक्षण वाटते ती पापा वेस्ट्रे बेटालगतच्या एका चिमुकल्या द्वीपावरील प्राचीन मेंढ्यांच्या दातांची साक्ष: त्यांतील रासायनिक खुणांवरून असे सिद्ध होते की, हिवाळ्यात ही जनावरे समुद्रशैवलही खात असत. याच द्वीपसमूहातील नॉर्थ रोनाल्डसे बेटावर तर 1832 साली किनाऱ्याभोवती दगडी गडगा घालून मेंढ्यांना शेतांच्या हद्दीबाहेर ठेवण्याचा बंदोबस्त झाला. तेथील मेंढ्या आजही ओहोटी पाहून शैवल चरावयास उतरतात. शैवलात तांबे अत्यल्प असल्याने त्यांचे शरीर ते इतक्या आग्रहाने शोषते की, नुसत्या गवतावर ठेवल्यास त्यांना विषबाधा होण्याचा संभव असतो. तरीही विण्याच्या हंगामात मेंढ्यांना कोकरांसह गडग्याच्या आत, गवतावर घेण्याची वहिवाट आहे.