गर्भाशयावांचून जन्मलेल्या मुली

अंगांत तारुण्याचीं सर्व चिन्हें उमटलीं, परंतु सोळा वर्षें उलटलीं तरी ऋतुप्राप्ति झाली नाहीं, म्हणजे मुलीच्या घरांत चिंता शिरते. पुढें 'वांझ' हा शब्द तिच्या वांट्याला येतो. साडेचार ते पांच हजार मुलींमागें सुमारें एकीचा गर्भाशय व योनिमार्गाचा वरचा भाग आईच्या उदरांतच वाढावयाचा राहून जातो.

या विकाराला मायर, रोकितान्स्की, कूस्टर व हाउझर या चार वैद्यांचीं नांवें जोडलेलीं आहेत. जर्मनींतील मायर यानें १८२९ सालीं, आणि व्हिएन्ना येथील शवविच्छेदनाचा प्रख्यात आचार्य रोकितान्स्की यानें १८३८ सालीं त्याचें वर्णन केलें. अर्थात् हें ज्ञान प्रथम मृतांच्या शरीरांवरून मिळालें. जिवंत स्त्रीला त्याचा लाभ होण्यास आणखी कांहीं काळ लोटावा लागला. १९३८ सालीं न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फ्रँक यानें शस्त्रावांचून योनिमार्ग तयार करण्याची पद्धति प्रसिद्ध केली. क्रमाक्रमानें मोठ्या होत जाणाऱ्या नळ्या स्त्रीनें स्वतःच रोज थोडा वेळ दाबून धरावयाच्या, एवढाच तो उपाय. त्याला धीर लागतो. पण आजहि वैद्य प्रथम तोच सुचवितात.

कूस्टरनें १९१० सालीं पूर्वींचीं उदाहरणें एकत्र केलीं. १९६१ सालीं हाउझरनें हा विकार त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या, पण पुरुषाचीं गुणसूत्रें असलेल्या, दुसऱ्या विकारापासून वेगळा काढला. या मुलींचीं गुणसूत्रें स्त्रीचींच असतात व बीजकोशहि बहुधा आपलें काम नीट करितात. म्हणूनच त्यांच्या आरोग्याची काळजी इतर स्त्रियांइतकीच घेतली पाहिजे. बीजकोशांत गांठी होऊं शकतात. गर्भाशयाचा खुरटलेला अंश कधीं दर महिन्यास दुखतो. कित्येकींना एकच मूत्रपिंड असतें. 'गर्भाशयच नाहीं, मग तपासणी कशाला?' ही समजूत घातक आहे.

मातृत्वाची वाटहि आतां अगदींच बंद राहिलेली नाहीं. २०१४ सालीं स्वीडनमध्यें डॉ. ब्रेनस्ट्रॉम यांच्या हातून दुसऱ्या स्त्रीचा गर्भाशय मिळालेली अशी एक स्त्री आई झाली. २०१७ सालीं पुण्यांतहि आईचा गर्भाशय मुलीच्या शरीरांत बसविण्यांत आला. ही शस्त्रक्रिया जोखमीची व खर्चाची असल्यानें ती सर्वांच्या आवांक्यांतली नव्हे.

परंतु पहिलें पाऊल सर्वांच्या आवांक्यांत आहे. ऋतु न आलेल्या मुलीला नवसासाठीं देवळांत फिरविण्याऐवजीं, अथवा घाईनें तिचें लग्न उरकण्याऐवजीं, वेळींच वैद्याकडे न्यावें. आणि जें निष्पन्न होईल तें तिच्यापासून लपवूं नये.