आदिलाबादच्या अंगणातील गोधडी

पैनगंगेच्या दक्षिणेस आणि गोदावरीच्या उत्तरेस जो डोंगराळ व काळ्या मातीचा मुलूख पसरला आहे, तो आदिलाबादचा. जुने लोक त्यास एदलाबाद म्हणत. तेलंगणातील अतिशय थंड प्रदेशांत त्याची गणना होते; पौष-माघातील रात्री तेथे पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो. काळ्या मातीत कापूस पिकतो आणि पठारावर थंडी पडते. या दोन गोष्टी जेथे एकत्र येतात, तेथे गोधडी शिवली जाणे स्वाभाविकच होय. परंतु ऊब हे गोधडीचे एक कारण झाले. ती चौघींनी एकत्र बसून का शिवावी, याचे उत्तर हवामानात सापडत नाही. ते शोधावयाचे तर माणसांच्या परस्परसंबंधांकडे वळावे लागते.

गोधडीचा हंगाम उन्हाळ्याचा. कापसाची वेचणी संपलेली, पेरणीस अवकाश, ऊन कडक. वर्षभर साठविलेली जुनेरी धुऊन वाळविली जातात. सारवलेल्या अंगणात एक धड लुगडे अंथरावयाचे, त्यावर फाटक्या धोतरांचे, सदऱ्यांचे, झंपरांचे तुकडे सारखे पसरावयाचे, वर पुन्हा एक लुगडे घालावयाचे आणि कापड सरकू नये म्हणून कोपऱ्यांवर दगड ठेवावयाचे. मग चार बाजूंना चौघीजणी बसतात आणि कडेकडेने धावदोरा घालीत मध्याकडे सरकतात. टाके सरळ व सारख्या अंतराचे पडावे लागतात. कोणी ओढून घातले तर कापडास चुण्या पडतात, कोणी सैल सोडले तर आतील थर गोळा होतात. एकटीने शिवली तर जी गोधडी पुरी होण्यास अनेक दुपारी लागतात, ती चौघींच्या हातांनी थोडक्या दिवसांत उरकते. आज एकीच्या दारी, उद्या दुसरीच्या. ज्या घरी काम, तेथला चहा. मजुरी कोणी देत नाही व कोणी मागतही नाही.

शेतीच्या कामात जिला सावड म्हणतात, किंवा मराठवाड्याकडे इर्जिक, तिचेच हे अंगणातील रूप होय. पुरुषांच्या सावडीत नांगर आणि बैल यांची देवघेव होते. येथे सुई, दोरा आणि दुपार यांची. मात्र एक भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. नांगरलेल्या शेतात कोणाच्या बैलाचे तास कोणते, हे पुढे ओळखू येत नाही. गोधडीत मात्र कोणाच्या लुगड्याचा काठ कोठे आहे आणि कोणती ओळ कोणाच्या हातची, हे त्या घरच्या बायकांना पुष्कळ वर्षे सांगता येते. लेकीच्या बाळंतपणासाठी जे दुपटे शिवावयाचे, त्यास आजीचे मऊ झालेले लुगडेच हवे असते. शेजारणींनी त्यात चार टाके घातले म्हणजे जन्माला येणाऱ्या मुलाचे नाते घराबाहेरही जुळते.

या प्रदेशात ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते, कारण येथे माणसे न हलता सीमा हलल्या आहेत. १९०५ साली आदिलाबाद हा निजामाच्या राज्यातील स्वतंत्र जिल्हा झाला. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात गेले. उलट नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा व कुबीर ही मंडळे आंध्र प्रदेशाच्या बाजूस राहून आदिलाबादेस जोडली गेली. २०१४ साली तेलंगण राज्य झाले आणि २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मळ, मंचिर्याल व कुमरम भीम आसिफाबाद असे चार भाग पडले. बेला, जैनद, तामसी या भागांतील मराठी कुटुंबांच्या सोयरिकी मात्र पूर्वीप्रमाणेच पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर होत राहिल्या. नदीपलीकडे दिलेल्या लेकीबरोबर गोधडीही पलीकडे गेली. मराठीत जी गोधडी वा वाकळ, तीच तेलुगूत बोंत आणि कानडीत कौदी. शब्द तीन, परंतु सुईची चाल एकच. मराठी आणि तेलुगू शेजारणींना एकमेकींची भाषा शिकण्यास शाळा लागली नाही. एकाच कापडाच्या दोन कडांना बसून ती पुष्कळशी आपोआप येत गेली.

असे असूनही या जिल्ह्याच्या इतिहासात गोधडीस जागा नाही. निर्मळच्या लाकडी खेळण्यांची कीर्ती दूरवर पोहोचली. आदिलाबादच्या ओतीव पितळी डोकरा कामास २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते योग्यच झाले. त्या वस्तू बाजारात आल्या, त्यांना किंमत लागली, म्हणून त्यांची नोंद राहिली. गोधडी विकण्यासाठी नव्हतीच. दुसरे कारण तिच्या स्वभावातच आहे. गोधडी झिजली म्हणजे ती टाकून देत नाहीत; तिच्यावर नवी लुगडी चढवून नवी गोधडी शिवतात. आजीची गोधडी आईच्या गोधडीच्या पोटात जाते आणि आईची लेकीच्या. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचा नमुना हाती लागणे अवघड. तो नाहीसा होत नाही, झाकला जातो. तो कोठे आहे हे सांगणारे साधन म्हणजे शिवणाऱ्या बायकांची आठवण.

लिखित परंपरेत या कामाचे धागे शोधू गेल्यास ते अगदीच सापडत नाहीत असे नाही. बुद्धाने आनंदास मगधातील बांधबंदिस्त शेते दाखवून भिक्षूंचे चीवर तशा तुकड्यांचे करावयास सांगितले, असे विनयपिटकात आहे. वर्षावासानंतरच्या ‘कठिन’ विधीत दान आलेले कापड एकाच दिवसात कापून, शिवून, रंगवून चीवर पुरे करावयाचे आणि त्या कामास संघाने हातभार लावावयाचा, असा नियम होता. एकत्र शिवणे ही तेथे संघाच्या एकोप्याची खूण मानली गेली. महाराष्ट्रात गोदाकाठच्या गंगाखेडच्या जनाबाईची कथा सर्वश्रुत आहे. विठ्ठल तिची वाकळ पांघरून घाईघाईने राउळात गेला, असे भाविक सांगतात. हीच गोदावरी पुढे नांदेडवरून बासरच्या सरस्वतीच्या पायथ्याशी येते. विदर्भात जन्मलेल्या गाडगेबाबांना लोक गोधडेमहाराज म्हणत, ते त्यांच्या ठिगळांच्या वस्त्रावरूनच. मात्र या साऱ्या उल्लेखांत गोधडी पांघरणाऱ्याचे नाव आहे. शिवणारीचे नाव जनाबाईसारखा अपवाद सोडला तर कोठेच नाही.

जेथे शिवणाऱ्या स्त्रिया समूह म्हणून पुढे आल्या, तेथे हे चित्र पालटलेले दिसते. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाज राहतो. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या लोकांचे हे वंशज असून त्यांच्या घरी कोकणीचा एक प्रकार बोलला जातो. त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत, आणि तिन्ही धर्मांच्या स्त्रिया ‘कवंद’ नावाची गोधडी शिवतात. तिच्या कोपऱ्यांवर घडी घातलेले त्रिकोणी ‘फुला’ लावले नाहीत तर ती उघडी राहिली, असे त्या मानतात. अमेरिकन कलाभ्यासक हेन्री ड्र्यूअल यांच्या प्रयत्नांनी त्यांचा सहकारी गट उभा राहिला आणि २०११ साली त्यांच्या गोधड्यांचे प्रदर्शन न्यूयॉर्क येथे भरले. अमेरिकेतही असाच दाखला आहे. अलाबामा राज्यातील शेतमजूर कृष्णवर्णीय स्त्रियांनी १९६६ साली ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था स्थापिली. मताधिकारासाठी नाव नोंदविल्यामुळे त्या भागातील अनेक कुटुंबांस घरे व कामे गमवावी लागत होती. अशा काळात त्यांना गोधड्यांच्या विक्रीतून स्वतःचा पैसा मिळू लागला. या दोन्ही ठिकाणी कला नवी नव्हती. नवी होती ती एवढीच गोष्ट, की करणारीचे नाव आणि तिच्या श्रमाचे मोल प्रथमच उघडपणे मांडले गेले.

आदिलाबादच्या अंगणात आज परिस्थिती बदलली आहे. सुती नऊवारी लुगडी दुर्मीळ झाली. कृत्रिम धाग्याची साडी घाम टिपत नाही आणि आजीच्या लुगड्यासारखी मऊही होत नाही. बाजारात स्वस्त ब्लँकेटे मिळतात आणि गोधडी यंत्रावर शिवून देणारेही भेटतात. यात गैर काही नाही. श्रम वाचले तर स्त्रीचेच वाचतात. परंतु यंत्राभोवती चौघीजणी बसत नाहीत. ज्या दुपारी दोन भाषांच्या शेजारणी एका कापडाशी जमत, त्या दुपारी कमी होत आहेत, आणि झाकलेल्या गोधड्यांची ओळख सांगणाऱ्या स्त्रिया वृद्ध होत आहेत.

यावर उपाय फार मोठा नाही. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर आता स्त्रियांचे बचत गट आहेत, गावोगावी शाळा आहेत. गावातील वृद्ध स्त्रियांकडून एकेका गोधडीची हकीकत लिहून घ्यावी: कोणत्या साली शिवली, लुगडी कोणाची, शिवावयास कोण कोण बसल्या. नव्या गोधडीच्या कोपऱ्यावर शिवणाऱ्यांची नावे व साल दोऱ्यानेच घालावे. आणि प्रत्येक गावात निदान एक जुनी गोधडी नव्या गोधडीच्या पोटात न घालता जपून ठेवावी. राज्यांच्या सीमांचे नकाशे सरकारी दप्तरात सुरक्षित आहेत. त्या सीमांवरून ये-जा करणाऱ्या शेजारधर्माचा पुरावा मात्र या कापडात आहे, आणि तो उसवण्यापूर्वी वाचून घेतला पाहिजे.