आत्यांचं जातं

गेल्या उन्हाळ्यात आम्ही घराची जुनी पडवी पाडून स्लॅबचं काम काढलं, तेव्हाची ही गोष्ट. पडवीच्या कोपऱ्यात जातं होतं. त्यावर खताची रिकामी पोती, पोरांच्या चपला, एक मोडकी सायकल. गवंडी म्हणाला, "वहिनी, हे दगड पायाच्या भरावात टाकू का?" मी त्याला थांबवलं आणि आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना विचारलं. मला वाटलं, त्या नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "टाक की. लय पाठ मोडलीय त्यानं माझी."

खरं सांगते, मला रागच आला. घरातली एवढी जुनी वस्तू आणि अशी टाकून द्यायची? रात्री विचार केला तेव्हा कळलं, की मी त्या जात्यावर कधी पसाभरही दळलेलं नाही. माझ्या लग्नात हळदीच्या वेळी चार फेरे फिरवले तेवढेच. ज्यांनी दळलं त्यांना ते नको होतं, आणि जिनं दळलं नाही तिला ते ठेवायचं होतं! म्हणून आज जात्याचा इतिहास सांगायला बसले आहे. तो राजांच्या इतिहासात येत नाही. आपला भोर-वेल्हे तालुका म्हटलं की राजगड, तोरणा आणि भोरचे पंतसचिव. आता तर वेल्ह्याला राजगड तालुका म्हणायचं आहे, पण माझ्या तोंडून अजून वेल्हेच येतं. त्या गडांवरच्या शिबंदीची भाकरीही कुठल्या तरी जात्यावरच दळली गेली असणार.

जातं म्हणजे दोन तळ्या. खालची जमिनीत पक्की बसवलेली, वरची फिरणारी. वरच्या तळीच्या कडेला लाकडी खुंटा, मधल्या तोंडातून मुठीनं धान्य सोडायचं, त्याला वैरण घालणं म्हणायचं. आपल्याकडे तांदूळ, नाचणी, वरई, विकत आणली तर ज्वारी. नाचणी बारीक, ती सरसर जाते. ज्वारी जड. दगड गुळगुळीत झाला की पीठ जाडंभरडं पडायचं, मग टाकी लावून घ्यायची. "जात्याला टाकी" अशी हाळी देत वडार बाया वाडीवर यायच्या. जातं गेलं तशी ती हाळीही गेली. त्या बायांनी पुढं काय केलं, हे आपल्यातल्या कुणी विचारलंय का? मीसुद्धा नाही विचारलं.

दळण पहाटेचं. आत्या सांगतात, कोंबडा आरवायच्या आधी उठायचं, दोघी जावा समोरासमोर बसायच्या, एकच खुंटा चार हातांनी ओढायचा. घरात माणसं जास्त असली तर दोन-तीन तास. त्यानंतर पाणी, शेण, चूल, आणि मग शेत. भात तर आधी उखळात मुसळानं कांडायचं. पोटात मूल असलं तरी दळण चुकत नसे. ओव्यांचं कौतुक करताना हे विसरू नये, असं मला वाटतं. गोड गळ्यानं गायलं म्हणून दगड हलका होत नव्हता.

पण गायच्या, हेही खरं. आणि आजपासून नाही. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात, सुमारे ११२९ साली, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही दीडशे वर्षं आधी! जनाबाईला दळू लागायला खुद्द विठ्ठल यायचा, ही गोष्ट आपण वारीत ऐकतोच. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं जातं म्हणून दाखवतात. मला त्या गोष्टीत देवापेक्षा दुसरंच दिसतं. दळणाला समोर दुसरं कुणीतरी बसावं, ही प्रत्येक बाईची इच्छा होती.

ओवीत काय नसायचं? माहेर, भाऊ, आई, विठोबा, सासरचा जाच, रामानं टाकलेली सीता. दलित वस्तीतल्या बायकांनी बाबासाहेबांवर ओव्या केल्या. जे सासूसमोर बोलता येत नव्हतं, ते जात्याला देव म्हणून हाक मारून सांगता यायचं. घरातले पुरुष अंथरुणात पडून ऐकत असतील, पण ओवीला उलटून उत्तर कोण देणार?

मग गिरणी आली. आधी तेलाच्या इंजिनावरची, जिचा पुकपुक आवाज दुसऱ्या वाडीपर्यंत जायचा. १९६० साली राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं, खेडोपाडी वीज पोचायला लागली, तशी विजेची चक्की आली. डोंगरातल्या वाड्यांना मात्र ती उशिरा मिळाली. आत्या सांगतात, सुरुवातीला डोक्यावर पायली घेऊन दोन कोस चालत जायचं, पण त्या चालण्याचंही सुख वाटायचं. गिरणीच्या पिठाची भाकरी कडू लागते, असं घरातले म्हातारे म्हणायचे. त्यांनी कधी खुंटा धरला नव्हता.

बचत गटाचं काम करताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. जात्याला पैसा लागत नव्हता, गिरणीला लागायचा. आत्यांनी घरात तोंड उघडून मागितलेले पहिले पैसे दळणाचे होते. रोज मागायचे, रोज हिशेब द्यायचा. शेवटी त्यांनी दळणातले चार-चार आणे वाचवून डब्यात टाकायला सुरुवात केली. आपल्या गटाची वही त्याच डब्यातून निघाली आहे, असं मी मीटिंगला गमतीनं म्हणते, पण ते अगदीच गमतीचं नाही.

जातं थांबलं आणि ओवी थांबली. गिरणीपुढं रांगेत गाता येत नाही, तिथं इंजिनच एवढं ओरडतं. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलानं, सोपानदेवांनी, उतरवून ठेवली, म्हणून १९५२ साली, त्या गेल्यानंतर, पुस्तक निघालं. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या गोळा केल्या. आणि आपल्याच पुणे जिल्ह्यात १९८०च्या दशकापासून हेमा राईरकर आणि गी पॉइटविन या दोघांनी, मुळशी-मावळाच्या डोंगरातल्या कार्यकर्त्या बायकांना बरोबर घेऊन, ओव्या लिहून काढल्या. पॉइटविन मूळचे फ्रान्सचे, पण आयुष्य काढलं ते इथं. एक हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या! पुढं काही ओव्या आवाजात मुद्रित झाल्या. २०१७ पासून 'पारी' ही संस्था त्या लोकांपुढं आणते आहे, मोबाइलवर ऐकता येतात.

मी त्या आत्यांना ऐकवल्या. त्या म्हणाल्या, "ही बाई चुकली, आमच्यात असं न्हाय म्हणत." मी म्हटलं, मग तुमच्यात कसं ते सांगा. आठवेना. दोन दिवस आठवेना. तिसऱ्या दिवशी पडवीतली पोती बाजूला केली, खुंटा नवा ठोकला, मूठभर तांदूळ घातले आणि त्यांना बसवलं. मी समोर बसले. हात फिरला तशी ओवी आली. मोबाइलवर एकवीस ओव्या उतरल्या, त्यातल्या दोन थोरल्या जाऊबाईंच्या, ज्या आता नाहीत. माझे दंड तीन दिवस दुखत होते.

भरावात जातं गेलं नाही. आत्यांनी घरात ठेवायला मात्र साफ नकार दिला, "मला रोज त्याचं तोंड बघायचं न्हाय." गटाच्या बायकांनी ते उचलून आपल्या खोलीत, मिरची कांडप यंत्राच्या शेजारी नेऊन ठेवलं. वाडीत लग्न असलं की हळदीच्या घाण्याला जातं लागतंच. आता प्रश्न वेगळाच निघाला. घाण्याला पाच सवाष्णी बसतात. आत्या विधवा आहेत. त्याच जात्यावर त्यांनी सगळ्या घराचं दळलं, पण घाण्याच्या दिवशी त्या लांब भिंतीला टेकून बसतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ साली विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तो आम्ही गटात वाचला होता. वाचून टाळ्या वाजवल्या आणि चहा घेऊन घरी गेलो.

तुळशीचं लग्न झालं की आमच्या वाडीत एक लग्न आहे. नवरीची आई गटातलीच. परवा ती घरी आली आणि म्हणाली, "आत्या, पहिली वैरण तुम्ही घाला, आणि ओवी पण तुम्हीच म्हणा." आत्या चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांनी लाकूड आत सारलं आणि विचारलं, "तुझ्या सासूला विचारलंस का?" ती म्हणाली, विचारणार आहे. आत्यांनी अजून हो म्हटलेलं नाही.