तेरा नर आणि गाण्याच्या स्पर्धा

गेल्या वर्षी मी आणि माझ्या मावसभावाने हौसेने जपानी लाव्याची वीस पिल्लं आणली. जेमतेम दहा दिवसांची. विकणारा म्हणाला, "सगळ्या माद्या आहेत. दीड महिन्यात अंडी." दीड महिना म्हणजे आमच्या ऑफिसच्या भाषेत तीन स्प्रिंट. तिसऱ्या स्प्रिंटला पहाटे चार वाजता मावशीचा फोन, "अरे, तुझ्या माद्या आरवतायत रे!"

मोजले तर तेरा नर.

हाच सौदा जुन्या जपानमध्ये झाला असता, तर आम्ही खुशीत असतो. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ मध्ये, तिथे सामुराई आणि पैसेवाले लोक लावे पाळायचे ते गाणं ऐकायला. चक्क स्पर्धा भरायच्या. जपानी कानांना ती आरोळी 'गो-किच्-चो' अशी ऐकू यायची, म्हणजे शुभशकुन! आणि हे आरवणं नराचंच. मादीला किंमत पिल्लांपुरती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोक अंड्यांसाठी लावे पाळू लागले आणि सगळं उलटलं. प्रश्न तोच, नर की मादी? पण आता नको असलेला निघाला नर. मग दुसऱ्या महायुद्धात बहुतेक कळप संपले, गाणाऱ्यांचं वाण तर नाहीसंच झालं. शेकडो वर्षं निवडून जपलेला आवाज गेला, याचं मला खरंच वाईट वाटतं. युद्धानंतर उरल्यासुरल्या पक्ष्यांपासून पुन्हा कळप उभे केले, ते अंड्यांसाठी. भारतात हा पक्षी १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातून आला, तोही अंडी आणि मांसासाठीच.

ओळखायचं कसं? तीन आठवडे थांबा. नराची छाती एकसारखी विटकरी होते, मादीच्या फिक्या छातीवर काळे ठिपके येतात. पांढऱ्या जातीत हे चालत नाही. तिथे वयात आलेल्या नराच्या शेपटीखालची फुगीर ग्रंथी बघतात, दाबली की पांढरा फेस येतो. दहा दिवसांच्या पिल्लाची छाती बघून काहीच कळत नाही. म्हणजे विकणाऱ्याने ठोकून दिलं होतं!

फार्मवर असे जादा नर मांसासाठी जातात. आमचे बाराही गेले. तेरावा मावशीने ठेवून घेतला. आज रेकॉर्डिंग तिच्याकडेच करतोय, त्यामुळे मागे अधूनमधून जो आवाज येतोय ना, तो त्याचाच.